वाळूला सफायर काच पुरून उरेल, ग्राइंडिंगच्या धुळीला नाही

भावा, शिरोलीच्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला असताना घड्याळाच्या काचेवर सारखे चरे पडतात, म्हणून सफायर काच बसवावी का, आणि ती कारखान्यात बनते म्हणजे नकली का, असं तू विचारलंयस.

नकली नाही. गुजरीत सराफाकडे नीलम म्हणून जो खडा घेतोस तो आणि ही काच, दोन्ही ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच स्फटिक. खड्याचा निळा रंग त्यातल्या लोह-टायटॅनियमच्या अंशामुळे. शुद्ध स्फटिक बिनरंगी. फ्रान्सच्या वेर्नई यांनी १९०२ साली ज्योतीत भुकटी वितळवून माणिक, म्हणजे याच स्फटिकाचं लाल रूप, बनवायची रीत जाहीर केली. आता मोठे स्फटिक सुमारे २०५० अंश सेल्सिअसला वितळलेल्या रसातून सावकाश वाढवतात. एलईडीच्या चिपाही मोठ्या प्रमाणावर याच्याच चकत्यांवर बनतात.

आता तुझ्या कामाचं. कठीणपणा मोजायच्या मोसच्या मापात साधी काच साडेपाच-सहा, मोल्डिंगची सिलिका वाळू ७, सफायर ९. म्हणजे वाळूची काळजी मिटली. पण तुझ्या हातातलं ग्राइंडिंग व्हील कशाचं आहे ते बघ. ॲल्युमिनियम ऑक्साइडचं असेल तर ते सफायरचंच भावंड, सिलिकॉन कार्बाइडचं असेल तर त्याहून कठीण. ती धूळ काचेवर असताना बाहीनं पुसलंस की चरा पडलाच. आधी फुंकर मार, मग पूस. आणि पडलेला चरा घासून काढायला हिऱ्याची पेस्ट लागते, त्यापेक्षा लोक काचच बदलतात.

कठीण आहे म्हणून चिवट समजू नकोस. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जसं घणाखाली तडकतं, तशी हीही कडेला ठोका बसला की तडकते.

अजून एक, जे दुकानदार सहसा सांगत नाहीत. सफायरचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकवतो त्याचा आकडा, १.७६, त्यामुळे एका पृष्ठभागावरून साडेसात टक्क्यांच्या आसपास उजेड परत फिरतो. साध्या काचेवरून चारेक टक्के. ही चकाकी मारायला लेप देतात. लेप बाहेरून असेल तर चरे त्या लेपावरच पडतात, आणि 'सफायरवर चरा पडला' म्हणून बोंब होते. लेप फक्त आतून आहे का, ते विचारून घे.

ओळखायला पाण्याच्या थेंबाच्या युक्तीवर (थेंब गोल राहिला तर सफायर, पसरला तर साधी काच) जाऊ नको, लेपामुळे ती फसवते. सराफाकडचा हिरा तपासायचा टेस्टर उष्णता किती वाहते ते बघतो. साध्या काचेपेक्षा सफायरवर तो जास्त दाखवतो.

माझं विचारशील तर शॉपमध्ये साध्या काचेचंच घड्याळ घाल, काच स्वस्तात बदलून मिळते. सफायर रविवारी रंकाळ्यावर फिरायला जाताना.