रेडिओलॉजी मिळत असताना फॅमिली मेडिसिन?

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली, इंटर्नशिप संपत आलीय, नीट-पीजीला (पदव्युत्तर म्हणजे पीजी प्रवेशाच्या परीक्षेला) रेडिओलॉजी, म्हणजे एक्स-रे-स्कॅन वाचण्याची शाखा, मिळण्याजोगा रँक येईल असं तिचे शिक्षक म्हणतात, आणि ती मात्र फॅमिली मेडिसिनवर, म्हणजे फॅमिली डॉक्टर होण्याच्या पीजीवर, अडून बसलीय. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मंगळवार पेठेत दवाखानाच टाकायचा तर त्यासाठी आणखी तीन वर्षं कशाला? आणि कोल्हापुरात प्रत्येक अवयवाचा वेगळा डॉक्टर असताना फॅमिली डॉक्टरकडे येणार कोण?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही जाता जाता लिहिलंय की आईंना शुगरसाठी राजारामपुरीत, गुडघ्यांसाठी शाहूपुरीत आणि बीपीसाठी तिसरीकडे न्यावं लागतं, तरी बीपी खाली येत नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधावर बोलणार नाही. पण गुडघेदुखीच्या काही वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर बीपी चढू शकतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो, हे कुठलाही फॅमिली डॉक्टर पहिल्यांदा तपासेल. तिन्ही ठिकाणचे डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतील. तिन्ही फायली एका टेबलावर ठेवून वाचणारं माणूस तुमच्या घराला नाही, एवढंच. (गोळ्या परस्पर बंद करू नका. त्या पिशवीसकट एका डॉक्टरांकडे जा.)

एकाच डॉक्टरकडे वर्षानुवर्षं जाण्याने फरक पडतो का, हे नॉर्वेत पंचेचाळीस लाख लोकांच्या नोंदींवरून तपासलं गेलं. तो अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ तोच होता, त्यांच्यात तातडीने अ‍ॅडमिट होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण, डॉक्टरशी जेमतेम वर्षाची ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी आढळलं. नॉर्वे आणि आपण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. पण ओळखीचा डॉक्टर काय करतो ते आपल्यालाही माहीत आहे. लेकराचा ताप दाखवायला आलेल्या बाईला तो विचारतो, ‘सासूबाईंनी बीपीची गोळी पुन्हा सोडली काय?’ उद्यमनगरातल्या फाउंड्रीत मोल्डिंगला असलेल्या माणसाचा खोकला महिनाभर गेला नाही, की कफ सिरप बदलत न बसता तो वाळूच्या धुळीबद्दल विचारतो आणि छातीचा एक्स-रे काढायला लावतो. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कुणाच्या घरी इन्सुलिन आहे, कोण डायलिसिसवर आहे, कुठल्या सुनेचे दिवस भरत आलेत, हे ज्याच्या डोक्यात होतं त्याची किंमत पूरग्रस्त गल्ल्यांना विचारा.

मोठ्या शहरांत नेमकं हेच विरळ झालंय. 2013 पासूनच्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण पन्नास हजार लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र धरलं आहे. 2022 ला मुंबईत ‘आपला दवाखाना’ सुरू झाला आणि पुढे राज्यभर गेला. इमारती आल्या, गोळ्या आल्या, हे चांगलंच झालं. पण तिथली बरीच पदं कंत्राटी आहेत, आणि डॉक्टर बदलला की पेशंटने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. अशा ठिकाणी टिकून राहणारे, त्याच कामाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर हवे आहेत. तुमच्या मुलीला जागा आहे ती इथे.

आता पीजी कशाला. एमबीबीएसचं बरंचसं शिक्षण मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात होतं, जिथे आजार स्पष्ट झाल्यावर माणूस पोचतो. पेठेतल्या दवाखान्यात ताप पहिल्या दिवशीचा असतो. तो साधा आहे, डेंग्यू आहे की आणखी काही, हे ठरवायचं, कुणाला थांबवायचं आणि कुणाला आत्ताच सीपीआरला (कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला) पाठवायचं, हे स्वतंत्र कसब आहे. डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं, हॉस्पिटलात काम करत करायचं पीजी) फॅमिली मेडिसिन तीन वर्षांचं आहे. त्यात मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, सर्जरी, मानसिक आरोग्य, इमर्जन्सी असं सगळीकडे काम करावं लागतं. याच विषयाचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. एमडी फॅमिली मेडिसिन मात्र मोजक्याच कॉलेजांत आहे. रँक असेल तर मी डीएनबी सुचवेन.

पैशांचं स्पष्ट सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत रेडिओलॉजिस्ट तिच्यापेक्षा जास्त कमावेल, बहुधा नंतरही. दवाखान्याचा जम बसायला वेळ लागतो, आणि ‘इंजेक्शन द्या, सलाईन लावा’ म्हणणाऱ्यांना नको म्हणण्याची हिंमत लागते. गल्लीतल्या आयुर्वेद-होमिओपॅथीच्या जुन्या डॉक्टरांनी अनेक घरं सांभाळलीत, लोक त्यांना सोडून एका रात्रीत येणार नाहीत. म्हणून तिने एकटीने सकाळी नऊ ते रात्री दहा बसायचा विचारच करू नये. दोघी-तिघी मिळून दवाखाना काढावा, नर्स ठेवावी, प्रत्येक घराची एक फाईल ठेवावी. तालमीत आणि मंडळात महिन्यातून एकदा बीपी-शुगर तपासायला बसावं. कोल्हापुरात तालमीच्या दारातून शिरलेल्या डॉक्टरला पेठ आपलं म्हणते.

लग्नाच्या बाजारात ‘साधी डॉक्टर’ म्हणतील, ही तुमची काळजी मला कळते. त्यासाठी तिने तीस वर्षं नको असलेलं काम करावं, असं मात्र मला वाटत नाही.

सरकारी कॉलेज असल्याने एक वर्षाची बंधपत्रित सेवा तिला द्यायचीच आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली तर उत्तम. रोजच्या ओपीडीत, गर्दीत, तेच-ते पेशंट पुन्हा पुन्हा बघण्यात तिचं मन रमतं का, हे तिथे तिला कळेल. इंटर्नशिपच्या सुट्ट्यांतही एखाद्या जुन्या फॅमिली डॉक्टरांच्या संध्याकाळच्या ओपीडीत तिने कोपऱ्यात बसून बघावं.

आणि चॉइस भरण्याआधी, ज्या हॉस्पिटलांत डीएनबीच्या जागा आहेत तिथल्या सध्याच्या रेसिडेंटशी तिने स्वतः फोनवर बोलावं. बालरोग, प्रसूती, इमर्जन्सीत खरंच पाठवतात, की तीन वर्षं एकाच वॉर्डात राबवून घेतात, हे थेट विचारावं. उत्तर गोलमोल आलं तर ते हॉस्पिटल यादीत खाली टाकावं.