बैलगाडी शर्यतीतील चाबूकबंदी प्रत्यक्षात राबवता येते का?

आपला प्रश्न असा आहे की, बंदी असूनही बैलगाडी शर्यतीत चाबूक आणि पराणी (बैलाला टोचायची काठी) सर्रास दिसतात, तर आयोजकांनी त्यांचा वापर रोखायचा कसा? माझे उत्तर असे आहे की, तो रोखता येतो. परंतु नियम मोडणाऱ्या गाडीचा शर्यतीत आलेला नंबर काढून घेण्याची आयोजकांची तयारी नसते.

कोल्हापूर जिल्ह्यातील मैदानांवर मी पंच म्हणून काम केले आहे. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा परवानगी दिल्यानंतर कागल तालुक्यातील एका यात्रेच्या मैदानात फायनलच्या वेळी मी शर्यत संपते त्या निशाणाच्या अलीकडे उभा होतो. दोन गाड्या बरोबरीने येत असताना एका गाडीवानाने कासरा (बैलांचा दोर) डाव्या हातात घेतला आणि उजवा हात बैलाच्या शेपटीजवळ नेला, व लगेच तो बैल उसळून पुढे गेला. गाडी थांबताच मी जवळ जाऊन पाहिले, तेव्हा त्या पांढऱ्या खिलार बैलाच्या पुठ्ठ्यावर टोचल्याच्या ताज्या खुणा होत्या आणि रक्त केसांत चिकटले होते. छकड्यात (शर्यतीच्या हलक्या गाडीत) सापडलेली काठी वीतभर लांबीची होती. तिला सायकलची ट्यूब गुंडाळली होती आणि टोकाला खिळ्याचे अणकुचीदार टोक जेमतेम बाहेर ठेवले होते.

मी गाडी बाद केली. माझे एक चुलते त्या कमिटीत होते. ते सर्वांसमोर म्हणाले, "अरे, मारलं कुठं? जरा जाग आणली बैलाला. निकाल फिरवलास तर पुढच्या वर्षी गाड्या येतील का?" अखेर पाच हजार रुपये दंड ठरला आणि पहिला नंबर तसाच राहिला. त्या गाडीवानाने बक्षिसाच्या नोटांतूनच दंडाची रक्कम मोजून दिली. तेव्हापासून हा वाद आमच्या घरात चालू आहे आणि माझे मत तसूभरही बदललेले नाही. बक्षिसातून फेडता येणारा दंड हा दंड नसून प्रवेश फीचा दुसरा हप्ता आहे.

कायदा कमी पडतो, हे म्हणणे मला पटत नाही. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जेमतेम दहा ते पन्नास रुपये दंड आहे, हे खरे. पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुरुस्तीने शर्यतीच्या अटी मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. टोकदार पराणी तर ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांपासूनच निषिद्ध आहे. परंतु पाच लाखांची शिक्षा न्यायालयात व्हायची आणि गुलाल त्याच संध्याकाळी उधळला जायचा, म्हणून शिक्षा निकालातच असली पाहिजे. ब्रिटनमध्ये घोड्यांच्या सपाट शर्यतीत चाबकाची मर्यादा सहा फटके आहे आणि २०२३ पासून त्याहून चार किंवा अधिक फटके जास्त मारल्यास घोडाच बाद होतो. त्यामुळे मालकही स्वारावर लक्ष ठेवतो.

अमेरिकेतील घोडागाडीच्या शर्यतींत चालकाने दोन्ही हातांत लगाम धरायचा असतो. हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा घ्यावा, कारण धुळीत फटके मोजणे किंवा ते किती जोरात लागले हे ठरवणे पंचाला जमत नाही, पण हात कासऱ्यावरून सुटला की नाही हे लांबूनही दिसते. हात सुटला, तर गाडी बाद करावी. हातात काय होते, यावर चर्चाच नको. शेपटी पिरगाळणेही याच नियमात सापडते. मात्र बैल बुजला किंवा गाडी चाकोरी सोडू लागली, तर तोल सावरण्यासाठी हात सुटू शकतो, तेवढी सवलत चित्रीकरण पाहून द्यावी. पुणे जिल्ह्यातील घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावरील धावपट्टीवर, गाडीवान शेवटपर्यंत गाड्यावर नसतो, त्यामुळे तेथे हा उपाय लागू पडणार नाही.

राहिला प्रश्न गाड्या न येण्याचा. ज्याचा बैल अंगच्या वेगाने पळतो, त्या मालकाला टोचणाऱ्याकडून हरणे अधिक झोंबते, आणि चांगली मैदाने अशाच मालकांमुळे भरतात, हे मी चुलत्यांना अजूनही सांगतो. आपण आयोजक असाल, तर प्रवेश घेतानाच बाद करण्याची अट लेखी मान्य करून घ्या, आणि पहिल्या तीन गाड्यांचे बैल पशुवैद्यकांनी तपासल्याशिवाय बक्षिसाची रक्कम कोणाच्याही हाती देऊ नका, मग तो गाडीवान कमिटीतल्या कोणाचा कितीही जवळचा असो.