मॅक्युलावरचा डाग आणि विसरलेला गोवर

कोल्हापूर

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

नऊ वर्षांच्या मुलाच्या दोन्ही मॅक्युलांचे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या, सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या भागाचे फोटो पाहिले. टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे त्या परजीवीचा संसर्ग, असेल का, असे तू विचारले आहेस. पण सक्रिय टॉक्सोप्लाझ्मात व्हिट्रिअस (डोळ्यातला पारदर्शक जेलीसारखा भाग) बहुधा गढूळ होतो, आणि इथे पांढुरका, सपाट डाग असूनही व्हिट्रिअस जवळजवळ स्वच्छ आहे. ओसीटीत, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनमध्ये, रेटिनाचे (त्या पडद्याचे) थर विस्कटून पातळ झाले आहेत. म्हणून आधी गोवराची चौकशी कर.

मला शंका आहे ती एसएसपीईची, म्हणजे गोवरानंतर वर्षांनी होणाऱ्या मेंदूच्या गंभीर आजाराची. त्यात गोवराचा बदललेला विषाणू मेंदूत टिकून राहतो आणि साधारण 6 ते 10 वर्षांनी आजार उघड होतो. वयाच्या दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना धोका अधिक. डोळ्यातली खूण कधी मेंदूच्या लक्षणांच्या कितीतरी आधी उमटते, त्यामुळे ‘फळ्यावरचे दिसत नाही’ म्हणत मूल प्रथम आपल्यासारख्या नेत्रतज्ज्ञांकडेच येते. माझ्या उमेदवारीत अशाच एका मुलीच्या कागदावर मी ‘जुना व्रण’ लिहून तिला परत पाठवले. चार महिन्यांनी तिला उचलून आणावे लागले, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

तुझ्या ओसीटीवर तंत्रज्ञाने ‘मूल सहकार्य करत नाही’ असा शेरा मारला आहे. मला तो शेरा डागाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण तो असहकार नसून या आजारातले झटके असू शकतात. स्कॅन पुन्हा घेताना तू स्वतः शेजारी उभा राहा आणि हनुवटी टेकवलेली असताना ठरावीक अंतराने मान किंवा खांदा दचकतो का, ते घड्याळ लावून पाहा. आईला विचार, हातातला तांब्या अचानक सुटतो का, पाठ असलेले पाढे विसरतो का. गोवराचे मात्र आजीला विचार. शाहूवाडीकडच्या वाडीवर किंवा ऊसतोडीच्या टोळीत तो दवाखान्याच्या कागदावर आलेला नसतो, ‘अंगावर उठलं होतं, कडुलिंबाचा पाला ठेवला’ एवढेच तिला आठवत असते.

फोटोवरून निदान पक्के करू नकोस. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातली गोवराची प्रतिपिंडे मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासून घे, आणि तोवर आईवडिलांपुढे आजाराचे नाव उच्चारू नकोस. आयसोप्रिनोसिन आणि इंटरफेरॉन या औषधांनी काही मुलांत आजाराची गती मंदावते, तो मुळापासून जात नाही. हे सांगायची वेळ आली तर दोघांना बसवून, घाई न करता सांग.

घरात धाकटे भावंड असेल तर त्याचे लसीकरण कार्ड याच भेटीत मागून घे. नऊ महिन्यांचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधला, असे गोवराच्या लसीचे दोन्ही डोस त्यावर नोंदलेले आहेत का, ते पाहा.

तुझा,
सर