आईने घर कधी सोडावे

जानेवारीत नोकरीसाठी टोरांटोला जाण्यापूर्वी, गिरगावातील चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या 78 वर्षांच्या आईला ठाण्याला बहिणीकडे कायमचे हलवावे का, असे आपण विचारले आहे. मी टोरांटोत 14 वर्षे राहत आहे. आईची प्रकृती आज बरी असेल, तर आपले जाणे आणि तिचे घर सुटणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडू देऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

मी नेमके तेच केले होते. विमानाच्या दहा दिवस आधी वडिलांना दादरच्या खोलीतून डोंबिवलीला भावाकडे नेले. दादरला वीज गेली तरी ते कठड्याला हात लावून जिना सहज उतरत. डोंबिवलीत रात्री उठल्यावर त्यांना न्हाणीघराचे दार सापडत नसे. भावाने आणि वहिनीने कशातही कमी केले नाही, तरी पहिल्या चार महिन्यांत ते दोनदा पडले. त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

घर सोडण्याची वेळ वयावरून ठरवू नये. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी 1963 मध्ये आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावरील ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे या सहा गोष्टींची कसोटी मांडली, ती आजही वापरली जाते. या सहा गोष्टी अवघड होण्याआधी बहुधा औषधे, पैसे, बाजारहाट आणि स्वयंपाक यांत चुका होऊ लागतात. आईजवळ पंधरा दिवस राहून गोळ्यांची पाकिटे, विजेची बिले आणि गॅसची शेगडी यांकडे न बोलता लक्ष द्यावे. एवढ्यातच गोंधळ असेल, तर सकाळ-संध्याकाळ येणारी विश्वासू बाई पुरते. त्या सहांपैकी एकही गोष्ट आधाराविना जमत नसेल, तर मात्र एकटे राहणे थांबवावे. शौचालय गॅलरीच्या टोकाला सामाईक असेल, तर पावसाळ्यातील ओल्या फरशीवरून रात्रीचे जाणे हे मला जिन्याहूनही धोक्याचे वाटते.

खोली पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेली जुन्या भाड्याची असल्यास ती घाईने कुलूपबंद करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने वापर नसेल, तर घरमालक ताबा मागू शकतो. त्यामुळे आधी वकिलाला भेटावे.

तिला इकडे आणण्याचा विचारही आपल्या मनात असेल. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो, आणि हिवाळ्यात आपण कामावर गेल्यावर ती दिवसभर बंद घरात एकटी असेल.

त्यापेक्षा दिवाळीला तिला महिनाभर ठाण्याला राहू द्यावे. तिची गादी आणि देव बरोबर न्यावेत. महिना संपल्यावर बहिणीसमोर नव्हे, तर एकांतात तिला विचारावे. ती परत गिरगावला जाते म्हणाली, तर तिला जाऊ द्यावे, आणि खोलीची दुसरी किल्ली शेजारच्या बिऱ्हाडात ठेवावी.