अर्ध्या तासाचा स्लॉट आणि चौघांचे कान

अगं,

तुमचा बँड फेस्टिव्हलला घेतलाय हे कळल्यावर किती आनंद झाला ते मेसेजमध्ये नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितोय. तू विचारलंस तयारी काय करू, आणि सोबत जी यादी पाठवलीस त्यात कपडे, लाइट, एंट्रीचं म्युझिक, पोस्टर असं बरंच काही होतं. ते सगळं करा, हौसेने करा, पण माझं मत विचारशील तर इथून पुढच्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावायचा, की याने स्टेजवर आपल्याला एकमेकांचं जास्त ऐकू येणारे का. येणार असेल तर ती गोष्ट आधी, नसेल तर वेळ उरला तर बघू. इतकी वर्षं वाजवून आणि मिक्सरच्या मागे बसून मला पक्कं वाटतं की छोट्या फेस्टिव्हलला चांगले वादक असूनही जे बँड विस्कटतात ते सहसा गाणी येत नाहीत म्हणून नाही विस्कटत, त्यांना शेजारचा काय वाजवतोय तेच कळत नसतं.

आधी वेळेचं बोलू कारण ते सोपंय. तुम्हाला अर्धा तास दिलाय म्हणजे अर्धा तास वाजवायला मिळणार असं नाही, बहुतेक ठिकाणी आधीचा बँड उतरणं, तुमचं सामान चढणं, वायरी लागणं हे सगळं त्यातच धरलेलं असतं, त्यामुळे आयोजकांना सरळ विचार की चेंजओव्हर यात धरलाय की वेगळा आहे. धरला असेल तर हातात वीस-बावीस मिनिटं येतात असं समजायचं आणि पाच गाणी बसवायची, सहावं बसवायच्या मोहात पडू नका. प्रॅक्टिसला घड्याळ लावून पूर्ण सेट सलग वाजवा, मधलं ट्यूनिंग, पाणी पिणं, तुझं दोन वाक्यं बोलणं सगळं धरून, आणि उशीर झाला तर कुठलं गाणं उडवायचं ते घरीच ठरवून ठेवा, स्टेजवर चौघांची सभा भरवायची नाही. तुम्ही पाच मिनिटं जास्त घेतली की ती नंतरच्या कुठल्यातरी बँडच्या वाट्यातून जातात, आणि तोही बँड तुमच्यासारखाच कित्येक दिवस या अर्ध्या तासाची वाट बघत असतो.

आता स्टेज प्लॉट आणि इनपुट लिस्ट. हे दोन कागद साउंडवाल्याला आधीच गेले असतील तर तुमचं निम्मं काम झालं म्हणून समज. प्लॉट म्हणजे वरून बघितल्यासारखं साधं चित्र, कोण कुठे उभं, कुणाला कुठे प्लग पॉइंट हवा, मॉनिटर (वादकांना स्टेजवर ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर) कुठे. इनपुट लिस्ट म्हणजे काय काय मिक्सरमध्ये जाणार त्याची ओळीने यादी, तुमच्या बाबतीत १ किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), २ स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), ३ आणि ४ ओव्हरहेड (ड्रमच्या वर लावलेले माइक), ५ बेस डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी), ६ गिटार ॲम्पचा माइक, ७ आणि ८ कीबोर्डचं लेफ्ट-राइट, ९ तुझा आवाज, १० गिटारवाल्याचा बॅकिंगचा माइक, झाले दहा चॅनल. कीबोर्डचं स्टिरिओ खरंच लागत नसेल तर एकाच चॅनलवर द्या, एक डीआय बॉक्स आणि एक वायर वाचते. आणि तुमचं स्वतःचं काय आहे, तिथून काय लागणार आहे ते स्पष्ट लिही, ड्रमकिट बहुतेक सगळ्यांना एकच असतो पण स्नेअर, सिंबल आणि किक पेडल ज्याचं त्याने आणायचं असतं, हे आयोजकांशी आधी बोलून घे.

साउंडचेक मिळेल या आशेवर राहू नकोस. एकामागून एक बँड असतात तिथे फक्त लाइन चेक होतो, म्हणजे प्रत्येक वायरमधून आवाज येतोय ना एवढंच बघतात, मग दोन मिनिटांत सुरू करा म्हणतात. त्या दोन मिनिटांत पाळायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत पण घाईत नेमक्या त्याच राहतात. ज्याला सांगितलंय त्यानेच वाजवायचं, बाकीच्यांनी हात तारांवरून बाजूला घ्यायचे, कारण साउंडवाला किक ऐकायचा प्रयत्न करतोय आणि गिटारवाला सोलो घोळतोय असं झालं की आधीच कमी असलेला वेळ आणखी जातो. आणि चेकला जेवढ्या जोरात वाजवाल तेवढ्याच जोरात सेटमध्ये वाजवा, चेकला हळू आणि पहिल्या गाण्यात दणादण असं केलं की त्याने लावलेलं सगळं फिसकटतं.

मॉनिटरमध्ये काय मागायचं हेही ठरवून जा. तू गातेस आणि बेस वाजवतेस, तेव्हा तुला तुझा आवाज आणि किक एवढं मिळालं तरी गाणं उभं राहतं, ड्रमरला तुझा बेस आणि आवाज हवा. सगळ्यांना सगळं हवं असं मागितलं की स्टेजवर नुसता कल्ला होतो. अजून एक, काही ऐकू येत नसेल तर ते वाढवा म्हणण्याआधी दुसरं काय कमी करता येईल ते बघा, गिटार कमी झाली की आवाज आपोआप वर येतो, आणि फीडबॅकची, म्हणजे माइक-स्पीकरच्या शिट्टीची, भीतीही कमी होते. साउंडवाल्याचं नाव पोचल्या पोचल्या विचारून ठेवा आणि त्याला नावाने हाक मारा, सकाळपासून उभा असतो बिचारा, आणि पुढचा अर्धा तास तुमचं सगळं त्याच्या हातात आहे.

आता जी गोष्ट सांगायला मी मुख्य हे पत्र लिहायला घेतलं ती. जवळ उभे राहा. मोठं स्टेज दिसलं की प्रत्येक नवा बँड पसरतो, गिटार या टोकाला, कीबोर्ड त्या टोकाला, फोटोत छान दिसतं, पण आवाजालाही यायला वेळ लागतो. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांबच्या ॲम्पचा आवाज तुझ्यापर्यंत यायला जवळपास २९ मिलिसेकंद लागतात. कागदावर काहीच वाटत नाही, पण १२० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला १२० ठोके असताना, सोळाव्या हिश्शाची नोट (ठोक्याचा पाव भाग) १२५ मिलिसेकंदांची असते, तिचा जवळजवळ चौथा भाग तू मागे ऐकतेस, आणि मग गिटारवाला मागे पडतोय असं तुला वाटतं आणि त्याला वाटतं तू मागे पडतेयस, दोघंही आपापल्या जागी बरोबर असून गाणं सैल पडतं. प्रॅक्टिसच्या खोलीत तुम्ही दोन मीटरवर असता, तिथे हा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आसपास असतो, तो कुणाला जाणवत नाही. मॉनिटर चांगला लागला तर हे बरंचसं भरून निघतं, पण दोन मिनिटांच्या लाइन चेकमध्ये तो चांगला लागेलच याची खात्री कोण देणार. म्हणून स्टेज कितीही मोठं असू दे, तुम्ही प्रॅक्टिसला जसे उभे राहता तस्सेच मध्यभागी उभे राहा, तू ड्रमरच्या हायहॅटच्या (पायाने उघडझाप होणाऱ्या सिंबलच्या जोडीच्या) बाजूला, त्याचा उजवा पाय तुला दिसेल अशी, बाकी स्टेज रिकामं राहिलं तर राहू दे. प्लॉटमध्येही तसंच काढ म्हणजे माइक आणि मॉनिटर तिथेच लागतील.

गिटारच्या ॲम्पचंही तेच. तो जमिनीवर ठेवला की आवाज गुडघ्यांकडे जातो, वाजवणाऱ्याला वाटतं ऐकूच येत नाही, तो वाढवतो, आणि समोर पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानात सुरीसारखा घुसतो. ॲम्प मागे झुकवून किंवा खुर्चीवर ठेवून कानाच्या दिशेने करा, लगेच निम्म्यावर आणावासा वाटेल. माइकही नीट धर, स्टेजवर तुला बहुतेक करून शुअरचा एसएम५८ मिळेल, १९६६ पासून तो चालत आलाय, तो समोरचं ऐकतो आणि मागून येणारं बरंचसं टाळतो, म्हणूनच मॉनिटर त्याच्या पाठीमागे ठेवतात. त्याची जाळी मुठीत झाकली की हा गुण जातो आणि शिट्टी वाजायला लागते. ओठ जवळ ठेव, अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, मग तुला वाटणार आपला घसाच बसलाय आणि तू ओरडायला लागणार.

टेम्पोचं मात्र ड्रमरशी नीट बसून बोल. छाती धडधडत असताना ११२ चं गाणं १२० ने सुरू होतं आणि त्या क्षणी ते कुणालाच वेगळं वाटत नाही, तुझे शब्द तोंडात मावेनासे झाले की कळतं. सेटलिस्टवर प्रत्येक गाण्यासमोर टेम्पोचा आकडा लिहा, त्याच्याजवळ लुकलुकणारा मेट्रोनोम असू दे, काउंट देण्याआधी त्याने दोन बार (चार-चार ठोके) तो बघायचा आणि मनातल्या मनात गाण्याची पहिली ओळ म्हणायची, मगच काठ्या वाजवायच्या. लोकांना ती चार सेकंदांची शांतता अजिबात खटकत नाही.

ट्यूनरसाठी पेडल वापरा. क्लिपवाला कंपनावर चालतो आणि स्टेजवर सगळंच थरथरत असतं, शिवाय पेडल दाबलं की आवाज बंद होतो, तुमचं ट्यूनिंग कुणाला ऐकावं लागत नाही. दिवसाचा स्लॉट असेल तर गिटार आणि बेस उन्हात ठेवू नका, तारा तापल्या की सैल होतात आणि सूर उतरतो. पाऊण तास आधी केसमधून काढून स्टेजजवळ सावलीत ठेवा, तिथल्या हवेला सरावू द्या, आणि चढायच्या आधी पुन्हा लावून घ्या.

काहीतरी बंद पडेलच असं धरून चाला. जास्तीची वायर, ९ व्होल्टची बॅटरी, तारांचा सेट, काठ्यांची जोडी एका पिशवीत, आणि ती पिशवी स्टेजवर, गाडीत नाही. गिटार गेली तर तू आणि ड्रमरने थांबायचं नाही, त्याच ग्रूव्हवर आठ-आठ बार फिरत राहायचं, कीबोर्डवाल्याने कॉर्ड धरून ठेवायच्या, हे प्रॅक्टिसला मुद्दाम करून बघा, अचानक गिटारची वायर काढा आणि काय होतं बघा. मला विचारशील तर अशा वेळीच बँड म्हणून तुम्ही किती एक आहात ते दिसतं, लोक त्या मिनिटाला सगळ्यात जास्त लक्ष देऊन ऐकतात.

बोलायचं कमी. बँडचं नाव सुरुवातीच्या गाण्यानंतर एकदा आणि शेवटच्याआधी एकदा, कारण मधे नवीन लोक आलेले असतात. चुकलं तर माफी मागू नकोस, हे नवीन गाणं आहे नीट बसलं नाहीये असंही नको. समोर दहाच जण असले तर त्या दहा जणांसाठी वाजवा, जे आले नाहीत त्यांचा राग आलेल्यांवर काढणारे बँड मी बघितलेत, फार वाईट वाटतं बघायला.

पैशांचं लाजू नकोस. मानधन आहे का, प्रवासाचं काय, टी-शर्ट विकले तर त्यात कुणाचा वाटा, सेट रेकॉर्ड होणार असेल तर ते रेकॉर्डिंग कुणाचं आणि तुम्हाला मिळणार का, हे चार प्रश्न लेखी विचार, मेसेजवर चालेल. छोट्या फेस्टिव्हलला बजेट खरंच नसतं आणि तसं ते मोकळेपणाने सांगत असतील तर मी तरी आनंदाने वाजवेन, पण उत्तरच द्यायचं टाळत असतील तर सावध राहा. मिळालेले पैसे चौघांत सारखे, मग गाणी कुणीही लिहिलेली असोत.

सेट संपला की आधी स्टेज मोकळं करायचं, सगळं उचलून बाजूला न्यायचं आणि तिथे जाऊन वायरी गुंडाळायच्या. सिंबल स्टेजवरच उघडत बसायचं नाही. आणि लगेच निघून जाऊ नका गं. तुमच्या आधीचे दोन आणि नंतरचे निदान दोन बँड पुढे उभं राहून ऐका, जिवाचा कान करून ऐका, कारण असे फेस्टिव्हल वाजवणाऱ्यांनीच एकमेकांना ऐकल्यामुळे टिकतात. तुमच्यासारख्याच कुणाची तरी तार तुटेल आणि तुमच्याकडे गिटार असेल, ती द्या.

कानांना मात्र जप, हे मी सगळ्यात कळकळीने सांगतोय. नायॉश या अमेरिकन संस्थेने घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि ड्रमरच्या शेजारी १०० व्हायला फारसं काही लागत नाही. दिवसभर तिथे राहणार आहात. वादकांसाठीचे इयरप्लग मिळतात, ते सगळं थोडं थोडं कमी करतात, सूर बिघडवत नाहीत. पहिल्यांदा घातलेस की पाण्याखाली असल्यासारखं वाटेल, म्हणून आत्तापासून प्रॅक्टिसला घालायला लाग.

प्लॉट आणि इनपुट लिस्ट एकदा काढलीस की मला पाठव, आयोजकांकडे जाण्याआधी नजर टाकतो. पुढच्या प्रॅक्टिसला मी येतो, दाराशी उभा राहून ऐकेन, मधे बोलणार नाही, तुम्ही पूर्ण सेट न थांबता वाजवायचा, गिटारची वायर कधी काढायची ते मी ठरवेन.

तुझा,
दादा