सिगारेट ओढणारा माणूस लसीला का घाबरतो?

तुमचे काका तीस वर्षं सिगारेट ओढतात, पण लस म्हटली की अंग काढून घेतात. हा अडाणीपणा नाही का, आणि आकडे दाखवूनही फरक का पडत नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

मी वैद्यकीय संख्याशास्त्र शिकवते. आकडे दाखवणं हाच माझा धंदा, तरी मी काकांची बाजू घेणार आहे.

चॉन्सी स्टार या अमेरिकन अभियंत्याने १९६९ मध्ये असा अंदाज मांडला की, लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट मोठा धोका माणूस स्वखुशीने पत्करतो. त्या हजारावर पुढे पुष्कळ वाद झाले. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत जे मांडलं ते मला जास्त पटतं. तज्ज्ञ धोका म्हटलं की प्रामुख्याने मृत्यूंचा हिशेब पाहतात. सामान्य माणूस त्यासोबत आणखीही काही विचारतो: हे माझ्या हातात आहे का? ओळखीचं आहे का? उद्या काही भलतंच झालं तर? सिगारेट काकांच्या बोटांत असते, सुई दुसऱ्याच्या हातात. शिवाय लस धडधाकट शरीरात टोचतात. ती घेऊन काही बिघडलं तर ‘आपण ओढवून घेतलं’ वाटतं, न घेता आजार झाला तर नशिबाला बोल लावता येतो. यात तर्क चुकतो, कबूल. पण प्रश्न खुळे नाहीत.

आता आकड्यांचं. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की, तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. बायका धास्तावल्या, अनेकींनी गोळी तडकाफडकी बंद केली. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. मूळ हिशेब काय होता? जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांमागे साधारण एकीला गुठळी व्हायची, नव्या घेणाऱ्यांत दोघींना. ‘दुप्पट’ खोटं नव्हतं, पण कशाच्या दुप्पट हे बहुतेकींपर्यंत पोचलंच नाही. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळीपेक्षाही जास्त असतो! अशा वेळी घाबरणाऱ्या बाईला अडाणी ठरवणं मला अन्याय वाटतो. (मी स्वतः एकदा एका औषधाबद्दल ‘दुप्पट धोका’ वाचून रात्रभर तळमळले आहे. मूळ आकडा शोधायचं सकाळी सुचलं. वर्गात हेच शिकवून वीस वर्षं झाली होती.)

विश्वासाला तडा बहुधा जास्तीच्या आश्वासनाने जातो. गायींच्या ‘मॅड काउ’ या मेंदूरोगाची साथ असताना, १९९० मध्ये ब्रिटनचे कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला, गोमांस सुरक्षित आहे हे दाखवायला. मार्च १९९६ मध्ये सरकारलाच सांगावं लागलं की माणसांत दिसलेल्या नव्या मेंदूविकाराचा गायींच्या त्या रोगाशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. ‘धोका कमी दिसतोय, पण तपास चालू आहे’ एवढं १९९०लाच म्हटलं असतं तर निदान शब्द तरी फिरवावा लागला नसता. म्हणून ‘शंभर टक्के सुरक्षित’ म्हणणाऱ्याकडे मी जरा संशयानेच पाहते. जो मूळ आकडा देतो, काय माहीत नाही तेही सांगतो आणि आधीची चूक मान्य करतो, त्याचं ऐकते.

काकांपुढे तक्ते नाचवू नका. त्यांना नेमकी कशाची भीती वाटते ते आधी विचारा. कदाचित ओळखीतल्या कुणाला तरी झालेला त्रास निघेल, कदाचित मोबाइलवर फिरत आलेला मजकूर. तो मजकूर खोडण्यासाठी त्यांना दहादा वाचून दाखवू नका. ऐकलेली गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती खरी वाटू लागते, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना मात्र एक प्रश्न जरूर विचारायला लावा: लस घेतलेल्या दहा हजारांपैकी किती जणांना हा त्रास होतो आणि न घेतलेल्या दहा हजारांपैकी किती जणांना आजार गाठतो? दोन्ही उत्तरं एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून घ्या.

आणि सिगारेटचा विषय त्या दिवशी काढू नका, नाहीतर दोन्ही राहील.