शेरलॉक कसा वाचला हे सांगूनही चाहते का चिडले?

प्रश्न : ‘शेरलॉक’ मालिका मी आत्ता पहिल्यांदाच बघतोय. ‘द रायकेनबाख फॉल’ संपल्या संपल्या ‘द एम्प्टी हर्स’ लावला आणि मला तो फार आवडला. पण जुने चाहते या भागाबद्दल बोलताना चिडतात. एवढं काय बिनसलं होतं?

उत्तर :

तुम्ही ‘संपल्या संपल्या’ पुढचा भाग लावलात, अर्धं उत्तर त्यातच आहे. आम्हाला तशी सोय नव्हती. ‘रायकेनबाख फॉल’ बीबीसीवर लागला १५ जानेवारी २०१२ रोजी आणि ‘एम्प्टी हर्स’ लागला १ जानेवारी २०१४ रोजी. मधली जवळजवळ दोन वर्षं आम्ही एकाच प्रश्नावर काढली.

तो ‘जगला की मेला’ हा प्रश्न नव्हताच. ‘रायकेनबाख फॉल’च्या शेवटच्या क्षणी शेरलॉक दफनभूमीत उभा राहून त्याच्या मित्राकडे, जॉन वॉटसनकडे, बघताना दिसतो. म्हणजे तो जिवंत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या गच्चीवरून उडी मारून तो वाचला कसा, एवढंच कोडं होतं. आणि मालिकेने धागेदोरे आमच्या डोळ्यांसमोर ठेवले होते. शेरलॉक जॉनला फोनवर बजावतो, जिथे आहेस तिथेच थांब, हलू नकोस. दोघांच्या मध्ये एक बुटकी इमारत आहे, त्यामुळे तो जमिनीवर नेमका कुठे आदळला ते जॉनला दिसत नाही. जॉन धावत निघतो तर एक सायकलवाला त्याला धडकून पाडतो. फुटपाथला लागून पोत्यांनी भरलेला ट्रक उभा असतो. त्याआधी रात्री शेरलॉक शवागारात काम करणाऱ्या मॉलीकडे मदत मागायला गेलेला असतो. आणि प्रयोगशाळेत बसून तो रबरी चेंडू आपटत असतो.

माझा दादा ट्रकवर ठाम होता, मी चेंडूवर. तो नाशिकला, मी पुण्यात होस्टेलवर. रविवारी फोन लागला की आई-बाबांची खुशाली दोन मिनिटांत उरकायची आणि मग तासभर हेच. लहानपणी भालबा केळकरांनी मराठीत आणलेल्या होम्सच्या कथा त्यानेच मला वाचून दाखवल्या होत्या, त्यामुळे हा आमच्या दोघांचा जुना खेळ होता. बगलेत चेंडू घट्ट दाबला की हाताकडे जाणारी धमनी दबते आणि मनगटाला नाडी लागत नाही, ही जादूगारांची जुनी युक्ती मी शोधून काढली तेव्हा त्याने चक्क शाबासकी दिली होती. त्यातच मालिकेच्या दोन कर्त्यांपैकी एक, स्टीव्हन मॉफॅट, म्हणाले की सगळ्यांच्या नजरेतून एक धागा सुटलाय, शेरलॉक त्याच्या स्वभावाला न शोभणारं काहीतरी करून गेलाय. मग काय, तो भाग पुन्हा पहिल्यापासून! लंडनमध्ये तर लोकांनी त्या रुग्णालयाजवळच्या लाल टेलिफोन बूथवर ‘आमचा शेरलॉकवर विश्वास आहे’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये बीबीसीने पुढच्या भागाची तारीख जाहीर केली तीही कशी, तर लंडनच्या रस्त्यांवरून एक रिकामी शववाहिनी (‘एम्प्टी हर्स’चा अर्थच तो) फिरवून. त्यावर फुलांनी तारीख लिहिलेली. इतकी उत्कंठा ताणली होती.

आणि मग तो भाग आला.

सुरुवातीलाच दणक्यात उलगडा होतो. कमरेला दोर बांधून उडी, खिडकीतून आत झेप, मॉलीचं चुंबन, संमोहनकार डेरेन ब्राउन जॉनला भूल घालतोय. आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात कळतं की हा अँडरसनचा तर्क आहे. शेरलॉकला बदनाम करण्यात हातभार लावल्याच्या अपराधी भावनेने खचलेला तो न्यायवैद्यकवाला अँडरसन आता चाहत्यांचं मंडळ चालवतोय आणि त्या मंडळाचं नाव ‘द एम्प्टी हर्स’. थोड्या वेळाने मंडळातली एक मुलगी दुसरा तर्क मांडते. त्यात शेरलॉक आणि त्याचा कट्टर शत्रू मोरिआर्टी गच्चीवर एकमेकांच्या जवळ येतात, आणि अँडरसन तिच्यावर खेकसतो. तिसरा उलगडा खुद्द शेरलॉक अँडरसनला सांगतो. भाऊ मायक्रॉफ्टबरोबर आधीच आखलेल्या तेरा शक्यता, ‘लॅझरस’ हा परवलीचा शब्द, खाली हवा भरलेली मोठी गादी, शेरलॉकसारख्या दिसणाऱ्या माणसाचं प्रेत, सायकलवाल्याने मिळवून दिलेले काही क्षण, आणि बगलेत चेंडू. (हो, चेंडू! मी उडीच मारली.) पण ते ऐकून अँडरसन म्हणतो की जरा निराशाच झाली. मग त्याला शंका येते, शेरलॉक खरं कशाला सांगेल, आणि तेही मला? म्हणजे पक्कं उत्तर तिथेही नाही.

चाहत्यांच्या रागाला इथून दोन तोंडं फुटली. एक राग कोडं सोडवणाऱ्यांचा. त्यांना सरळ उत्तर हवं होतं आणि मिळाली ‘कदाचित’ची गादी. दादा यातला. त्याचं म्हणणं असं की रहस्यकथा वाचकाशी एक करार करते. तुम्ही लक्ष द्या, आम्ही शेवटी फसवणार नाही. तो मोडला. मला हे तितकंसं पटलं नाही. तिसरा उलगडा दिलेल्या प्रत्येक धाग्याला जागेवर बसवतो, आणि मी तोच खरा मानते.

दुसरा राग मला जास्त कळला, कारण तो माझाही होता. अँडरसनच्या खोलीत जमलेली ती माणसं म्हणजे आम्हीच होतो. काही जणांना त्यात प्रेमाने मारलेली हाक ऐकू आली. पण त्या दुसऱ्या तर्काची मुलगी पडद्यावर जशी दाखवली, ते बघून मला ओशाळल्यासारखं झालं. त्या दोन वर्षांत कितीतरी मुलींनी या पात्रांवर स्वतःच्या गोष्टी लिहिल्या. मीही एक लिहिली होती, मराठीत, वहीत, फक्त दोन मैत्रिणींना दाखवलेली. त्यात शेरलॉक नव्हताच. शेरलॉकबरोबरचं बेकर स्ट्रीटचं घर सोडून गेलेला जॉन सकाळी चहा करतो आणि सवयीने दोन कप काढतो, एवढीच ती गोष्ट होती. आम्ही वाट बघताना जे जिवापाड केलं, ते पडद्यावर खेकसण्याजोगं झालं, याचं वाईट वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

पण खरं सांगू का, या दोन्ही रागांपेक्षा मोठं दुखणं वेगळंच आहे. ते समजायला मूळ कथांकडे जावं लागतं.

आर्थर कॉनन डॉयलने डिसेंबर १८९३ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सला स्वित्झर्लंडच्या रायकेनबाख धबधब्यात संपवलं. वीस हजारांच्या आसपास वर्गणीदार मासिक सोडून गेले असं सांगतात. (लंडनमध्ये लोक दंडाला काळ्या फिती बांधून फिरले ही गोष्टही सगळीकडे वाचायला मिळते, पण त्या काळचा पुरावा तिच्या पाठीशी नाही.) १९०३ मध्ये होम्स परतला तेव्हा ‘कसा वाचला’चं उत्तर डॉयलने चार ओळींत दिलं. तो पडलाच नव्हता. झटापटीत मोरिआर्टी एकटा गेला आणि होम्स कड्यावर चढून लपला. मग तीन वर्षं तो तिबेटसह कुठे कुठे फिरला, आणि हे गुपित फक्त मायक्रॉफ्टला माहीत होतं. वॉटसन त्याला बघून बेशुद्ध पडतो, शुद्धीवर येतो आणि आनंदाने सगळं विसरतो. तीन वर्षं मित्राला मेलेला समजून रडलेला माणूस एकदाही विचारत नाही की मला का नाही सांगितलंस?

मालिकेतला जॉन हे विचारतो. म्हणून हा भाग मला मोठा वाटतो आणि म्हणूनच तो मला दुखावतोही. तो मेरीला मागणी घालायला हॉटेलात बसलाय, आणि शेरलॉक पेन्सिलीने मिशी काढून, फ्रेंच वेटर बनून समोर येतो. जॉनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसतं, त्यात मार्टिन फ्रीमनचा अभिनय असा आहे की मला हसू फुटलं नाही. मग तो शेरलॉकला बदडतो. एका ठिकाणाहून बाहेर काढलं की दुसऱ्या ठिकाणी, तिथून तिसऱ्या. ‘कसं’ यात त्याला काडीचाही रस नाही. त्याला ‘का’ हवंय.

आणि आता रेल्वेच्या डब्यातला प्रसंग आठवा. बॉम्ब फुटणार, दोघं मरणार असं जॉनला वाटतंय. शेरलॉक क्षमा मागतो. जॉन म्हणतो, मला भेटलेल्यांत तू सर्वांत चांगला आणि सर्वांत शहाणा माणूस होतास. १८९३ च्या कथेचं शेवटचं वाक्य हेच आहे, तिथे ते मेलेल्या होम्ससाठी लिहिलेलं आहे. जॉन क्षमा करतो, पडदा पांढरा होतो, आणि नेमक्या त्या जागी अँडरसनला सांगितलेला तो तिसरा उलगडा घातलाय. त्यानंतर पुन्हा डबा, आणि शेरलॉक हसतोय. बॉम्ब त्याने कधीच बंद केला होता.

मी तेव्हा टीव्हीसमोरून उठून गेले होते. पुन्हा एकदा त्याने जॉनला खोट्या मरणाने रडवलं, आणि लेखकांनी ते गमतीत सोडून दिलं. दादाला मी फोनवर म्हटलं, तुझा करार मोडला म्हणून तू चिडलास, इथे मैत्रीचा मोडलाय. त्या रविवारी आमचं चांगलंच वाजलं.

नंतर मी तो भाग कितीदा तरी पाहिला. दर वेळी त्या डब्यापाशी राग येतो. आणि दर वेळी शेवटाकडे, बेकर स्ट्रीटच्या जिन्याखाली दोघं पत्रकारांना भेटायला बाहेर पडायच्या आधी जॉन जे म्हणतो त्यापाशी तो विरतो. मी तुझ्याकडे आणखी एक चमत्कार मागितला होता, मेलेला राहू नकोस असं म्हणालो होतो. आधीच्या भागात कबरीपाशी, कोणी ऐकत नाही असं समजून जॉन तेच बोलला होता. तुम्ही दोन्ही भाग लागोपाठ पाहिलेत, तुम्हाला ते ताजं आठवत असेल. आम्ही ते दोन वर्षं मनात घेऊन बसलो होतो. शेरलॉक कोट चढवता चढवता एवढंच सांगतो, की त्याने ते ऐकलं होतं.